बंदुकीचा धक्का आणि नळीच्या तोंडाचा ब्रेक

दिवाळी जवळ येते तसतसे वडसा परिसरातील धान लोंबीवर येते, आणि त्याच सुमारास रानडुकरांचे कळप बांध्यांमध्ये उतरू लागतात. गडचिरोली जिल्ह्यातील हे गाव महसुली दप्तरात देसाईगंज आणि रेल्वेच्या नकाशावर वडसा. एका बाजूला वैनगंगा, दुसऱ्या बाजूला जंगल आणि मध्ये धानाची शेती, अशी या तालुक्याची रचना आहे. एक कळप एका रात्रीत जेवढे खातो, त्याहून अधिक तुडवतो. त्यामुळे पीक हाती येईपर्यंत मचाणावर बसून जागल करणे हा येथील शेतकऱ्याच्या वर्षातला ठरलेला भाग होय. फटाके, डबे, विजेरी आणि कुत्री ही जागलीची नेहमीची साधने. काही थोड्या घरांत परवान्याची बंदूकही असते.

बंदूक वापरणाऱ्याची पहिली तक्रार नेमाची नसते, ती खांद्याची असते. बारा बोअरच्या बंदुकीचा धक्का नवख्याला हादरवतो आणि सरावलेल्यालाही दुसऱ्या बाराच्या वेळी डोळे मिटायला लावतो. यावर उपाय म्हणून अलीकडे मझल ब्रेकचे नाव ऐकू येते. नळीच्या तोंडावर बसवायचे हे खाचांचे नळकांडे धक्का कमी करते, असे जाहिराती सांगतात. त्यात तथ्य आहे. परंतु ते किती आहे, कोणत्या बंदुकीसाठी आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे समजून घेतल्याखेरीज निवड करणे हिताचे नाही.

धक्का येतो कोठून?

काडतुसातील दारू पेटली की तयार होणारा वायू छऱ्यांना पुढे ढकलतो आणि बंदुकीला तितक्याच जोराने मागे रेटतो. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. बंदूक छऱ्यांपेक्षा शंभरपटीने जड असल्यामुळे ती सावकाश मागे येते. मागे येणाऱ्या या वस्तुमानाला खांदा थांबवतो, तोच आपल्याला जाणवणारा धक्का.

याशिवाय आणखी एक हालचाल घडते. नळीचा अक्ष खांद्याच्या टेकण्याच्या जागेपेक्षा वर असतो. त्यामुळे मागे येताना बंदूक किंचित फिरते आणि तिचे तोंड वर उचलले जाते. खांद्याला बसणारा रेटा आणि तोंडाचे उचलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रेकची चर्चा करताना त्यांची गल्लत नेहमी होते.

धक्क्याला दोन वाटेकरी असतात. पहिला वाटा छर्रे आणि त्यांच्यामागचा प्लॅस्टिकचा वॉड यांचा. दुसरा वाटा त्यांच्यामागून नळीबाहेर उसळणाऱ्या वायूचा. मझल ब्रेक छऱ्यांना हात लावू शकत नाही. त्याचे सारे काम वायूवर चालते. पुढे निघालेला वायू खाचांच्या भिंतींवर आदळून बाजूला किंवा मागे वळतो आणि वळताना बंदुकीला पुढे ओढतो. खाचा वरच्या बाजूस असतील तर वायू वर उसळतो आणि नळीचे तोंड खाली दाबले जाते. अशा साधनाला काँपेन्सेटर म्हणतात.

ही कल्पना मूळची तोफखान्याची. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तिचे प्रयोग झाले. १९९९ च्या कारगिल युद्धात घराघरांतल्या दूरचित्रवाणीवर दिसलेल्या बोफोर्स तोफेच्या नळीच्या टोकाशी जो जाड, खाचांचा भाग आहे, तो मझल ब्रेकच. छऱ्याच्या बंदुकीत हे तत्त्व गेल्या शतकाच्या विसाव्या दशकात अमेरिकेत कट्स काँपेन्सेटरच्या रूपाने लोकप्रिय झाले. त्याच काळात ते थॉम्पसन सबमशीनगनवरही बसवले गेले.

गणित काय सांगते?

तोफेला किंवा रायफलीला जे लागू पडते, ते छऱ्याच्या बंदुकीला तसेच्या तसे लागू पडत नाही. ब्रेक निवडण्याआधी समजून घ्यावी अशी सर्वांत महत्त्वाची बाब हीच.

बारा बोअरचे एक सर्वसाधारण काडतूस घेऊ. ३२ ग्रॅम छर्रे, सुमारे ३ ग्रॅमचा वॉड, १.७ ग्रॅम दारू आणि तोंडाशी वेग सेकंदाला ३८० मीटर. छऱ्याच्या बंदुकीत वायूचा सरासरी वेग छऱ्यांच्या दीडपट धरण्याची पद्धत आहे. या हिशेबाने छर्रे व वॉड यांचा संवेग १३.३ एकक आणि वायूचा जेमतेम १ एकक येतो. म्हणजे एकूण धक्क्यात वायूचा वाटा शेकडा सात इतकाच.

आता .३०-०६ सारखी शिकारी रायफल पाहू. तिच्यात ११.७ ग्रॅमच्या गोळीमागे सुमारे साडेतीन ग्रॅम दारू असते आणि वायू कितीतरी अधिक वेगाने बाहेर पडतो. तेथे वायूचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास जातो. रायफलीवर ब्रेक बसवताच खांद्याला मोठा फरक जाणवतो, त्याचे कारण हे. छऱ्याच्या बंदुकीत ब्रेकच्या हाती मुळात कच्चा मालच थोडा असतो.

हाच हिशेब पुढे नेला तर चित्र अधिक स्पष्ट होते. ३.२ किलोच्या बंदुकीत वरील काडतुसाच्या धक्क्याची ऊर्जा सुमारे ३२ ज्यूल भरते. ब्रेकने वायूचा सारा वाटा पुसून टाकला असे मानले, तर ती २७.६ ज्यूलवर येते. ब्रेक न लावता बंदुकीचे वजन अर्ध्या किलोने वाढवले, तर ती २७.५ ज्यूलवर येते. आणि बंदूक तीच ठेवून ३२ ऐवजी २८ ग्रॅमचे, थोडी कमी दारू असलेले काडतूस वापरले, तर ती २५ ज्यूलपर्यंत उतरते. म्हणजे काडतूस बदलण्याचा लाभ चांगल्या ब्रेकपेक्षा अधिक, आणि त्यासाठी नळीला हात लावावा लागत नाही.

चांगला ब्रेक वायूला मागे वळवून याहून थोडे अधिक मिळवू शकतो. अनेक ब्रेक एवढेही मिळवत नाहीत. मात्र तोंडाचे उचलणे रोखण्यात वरच्या खाचा उपयोगी पडतात, कारण नळीच्या टोकाशी दिलेला लहानसा दाबही लांब तरफेसारखा काम करतो. छऱ्याच्या बंदुकीवरील ब्रेकचा खरा गुण म्हणजे दुसऱ्या बारासाठी तोंड लवकर जागेवर येणे. पहिल्या बाराच्या नेमात त्याने काही भर पडत नाही. छर्रे काही सहस्रांश सेकंदात बाहेर पडतात. ब्रेकचे काम त्यानंतर सुरू होते.

अर्धस्वयंचलित बंदुकीचे प्रकार

चाप ओढला की एक बार सुटतो आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत येते, ती अर्धस्वयंचलित बंदूक. ब्रेक शोधणारे बहुतेक जण हिचेच धनी असतात, कारण सलग बार हीच तिची ख्याती. पण या बंदुका एकाच तत्त्वावर चालत नाहीत.

जॉन ब्राऊनिंग यांची विसाव्या शतकाच्या प्रारंभी बाजारात आलेली ऑटो-५ ही या जातीची आद्य बंदूक. तिच्यात बार सुटताच संपूर्ण नळी मागे सरकते आणि पुन्हा पुढे येते. अशा सरकत्या नळीच्या टोकाला जास्तीचे वजन लटकवले, तर तिची लय बिघडू शकते. दुसऱ्या प्रकारात नळीतला थोडा वायू छिद्रावाटे काढून त्याच्या जोरावर यंत्रणा चालवली जाते. १९६३ ची रेमिंग्टन ११०० हे त्याचे गाजलेले उदाहरण. हिचा धक्का मुळातच सौम्य वाटतो, कारण तो अधिक वेळात पसरतो. तिसरा प्रकार इटलीच्या बेनेली कंपनीने रूढ केलेला जडत्वाचा. त्यात बंदूक मागे येणे हीच यंत्रणेची प्रेरणा असते. ती मागे येण्याचा वेग वजन वाढवून किंवा ब्रेक लावून घटवला, तर हलक्या काडतुसावर रिकामे टरफल अडकण्याचा संभव असतो.

तात्पर्य, वायूवर चालणाऱ्या बंदुकीला ब्रेकची गरज कमी आणि उरलेल्या दोन प्रकारांना तो सोसेलच असे नाही. दुनळीचा तर प्रश्नच उद्भवत नाही. दोन नळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे तेथे स्वतंत्र ब्रेक बसवण्यास जागाच नसते.

निवड करताना

इतके समजूनही ब्रेक घ्यायचाच असेल, तर काही गोष्टी काटेकोरपणे पाहाव्या लागतात. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो आणि तिच्या तोंडाशी चोक असतो. चोक म्हणजे छर्रे किती पसरावेत हे ठरवणारी अरुंद जागा. आधुनिक बंदुकीत हा चोक आट्यांनी बसवता व काढता येतो, आणि बाजारातील बहुतेक ब्रेक त्याच आट्यांवर चढतात. प्रत्येक कंपनीचे आटे निराळे असतात. जवळपास बसणारा ब्रेक म्हणजे न बसणारा ब्रेक. अर्धवट पकडीचा तुकडा बाराबरोबर उडून जातो आणि वाकडा बसलेला तुकडा छऱ्यांच्या वाटेत येतो.

ब्रेकचा आतला मार्ग नळीच्या अक्षाशी सरळ रेषेत हवा आणि वॉडला विनाअडथळा जाऊ देईल इतका मोकळा हवा. खाचांच्या कडा धारदार असतील तर प्लॅस्टिकच्या वॉडच्या पाकळ्या त्यात खरवडल्या जातात, छऱ्यांचा फैलाव विसकटतो आणि खाचांमध्ये प्लॅस्टिक व काजळी साचते. चोक काढून त्या जागी नुसता ब्रेक बसवला, तर छर्रे अधिक पसरतात. तीस पावलांवर जे डुक्कर ठार व्हायचे, ते जखमी होऊन झुडपात शिरते. जखमी रानडुकराएवढे धोकादायक जनावर या जंगलात थोडेच असेल.

शेतातल्या वापराची एक अडचण शहरी दुकानात लक्षात येत नाही. पावसाळ्यात बांधीवरून जाताना बंदुकीचे तोंड चिखलाला टेकते, खाचांत माती भरते. घरात टांगून ठेवलेल्या बंदुकीच्या भोकांत कुंभारीण माशी घर करते. नळीत अडथळा असताना बार काढला तर नळी फुटते. खाचा जितक्या अधिक, तितक्या तपासण्याच्या जागा अधिक. रात्रीचा आणखी एक मुद्दा आहे. वरच्या खाचांतून उसळणारी ज्वाळा नेमक्या नजरेच्या रेषेत येते आणि अंधाराला सरावलेले डोळे काही काळ दिपून जातात. दुसरा बार लवकर काढता यावा म्हणून घेतलेले साधन दुसऱ्या बाराच्या वेळी आंधळे करते.

शेजाऱ्याचे कान

ब्रेकची खरी किंमत कानांना मोजावी लागते. बंदुकीच्या बाराचा आवाज कोणत्याही ब्रेकशिवाय १५० डेसिबलच्या पुढे जातो. क्षणिक स्फोटक आवाजासाठी धोक्याची मर्यादा १४० डेसिबल मानली जाते. पुढे जाणारा स्फोटाचा लोट ब्रेक बाजूला आणि मागे वळवतो. त्यामुळे बार काढणाऱ्याच्या आणि त्याहूनही अधिक त्याच्या बाजूला बसलेल्याच्या कानावर काही डेसिबलचा जादा भार पडतो. डेसिबलचे माप सरळ नसते. तीन डेसिबल वाढले की ध्वनिऊर्जा दुप्पट होते.

जागलीला मचाणावर माणूस सहसा एकटा नसतो. भाऊ असतो, सालगडी असतो, कधी शाळेतला मुलगाही असतो. खांद्याचा धक्का बार काढणाऱ्याला बसतो आणि संध्याकाळपर्यंत ओसरतो. कानाच्या आतील सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. एकाचा खांदा वाचवून दुसऱ्याच्या कानावर भार टाकणारा हा सौदा आहे. ब्रेक असो वा नसो, मचाणावरील प्रत्येकाच्या कानात बोळे आणि शक्य तर वरून कर्णरक्षक असणे अगत्याचे आहे.

कायद्याची चौकट

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीक संरक्षणाचा स्वतंत्र उल्लेख आहे. कलम १३ नुसार खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी तोंडाने ठासायच्या, म्हणजे भरमार बंदुकीचा परवाना मिळू शकतो. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर किमान वीस इंच नळीची अन्य गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. अर्धस्वयंचलित बंदूक शस्त्र नियमांच्या अनुसूचीत अधिक कडक निर्बंधांच्या वर्गात मोडते. तेव्हा वडशाच्या शेतकऱ्यासाठी कायद्याने आखलेली वाट साध्या बंदुकीची आहे.

नळीच्या तोंडावरील साधनांबाबतही कायदा मौन बाळगत नाही. बाराचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारे साधन अधिनियमाच्या व्याख्येत 'अग्निशस्त्रा'तच गणले जाते, तसेच बंदुकीचे सुटे भागही. ब्रेक आवाज वाढवतो हे खरे. पण बाजारात ज्वाळा लपवणारी व धक्का कमी करणारी अशी दुहेरी साधने एकाच नावाने विकली जातात. परदेशातून असे साधन मागवणे ही आयात ठरते आणि तिला परवाना लागतो. बंदुकीत फेरबदल किंवा दुरुस्ती करण्याचा व्यवसाय कलम ५ खाली परवानाधारकालाच करता येतो. नळी आखूड करण्यावर कलम ६ चा निर्बंध आहे. आटे पाडण्यासाठी गावच्या लेथवर नळी कापून घेणे म्हणजे सरळ गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यांस किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

बंदुकीचा परवाना हा रानडुक्कर मारण्याचा परवाना नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या २०२२ मधील दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असल्यास कलम ११ खाली अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आतील बंदूकधारकांना वन खात्याकडे नोंदणीचे बंधन आहे आणि नव्या परवान्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते.

घाईचा दुसरा बार

ब्रेकचा मुख्य लाभ वेगवान दुसरा बार हा असेल, तर या परिसरात त्या लाभाकडे सावधपणे पाहिले पाहिजे. वडसा वनविभागात वाघांचा वावर आहे. वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा भागांत तेरा जणांचा बळी घेतलेला 'सीटी-१' हा वाघ १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा वनपरिक्षेत्रातच बेशुद्ध करून पकडण्यात आला. अशा भागात अंधारात हललेली प्रत्येक सावली डुकराची नसते. ती वाघाची, शेजारच्या गाईची किंवा पलीकडच्या बांधीवर जागल करणाऱ्या माणसाचीही असू शकते. विजेरीच्या उजेडात जनावर ओळखून काढलेला एक बार पुरेसा असतो. न ओळखता घाईने काढलेल्या दुसऱ्या बाराने घरे उद्ध्वस्त होतात.

मग धक्का कमी कसा करावा?

ज्यांना दिवसाला शेकडो बार काढावे लागतात, त्या ट्रॅप आणि स्कीटच्या नेमबाजांकडे पाहिले की उत्तर सापडते. त्यांची बंदूक शेतातल्या बंदुकीहून जड असते आणि काडतुसात छर्रे अवघे २४ ग्रॅम असतात. धक्का कमी करण्याची त्यांची मुख्य रीत वजन आणि काडतूस हीच.

सामान्य बंदूकधारकाने पहिली तपासणी दस्त्याची करावी. दस्ता लांब पडत असेल तर तो खांद्याच्या खोबणीत बसत नाही, दंडावर टेकतो आणि निळे डाग तेथेच पडतात. बंदूक आणि खांदा यांत बोटभर फट राहिली, तरी रेटा न राहता तो ठोसा होतो. दस्त्याच्या टोकाला जाड रबरी गादी बसवणे हा स्वस्त आणि बहुतेक वेळा पुरेसा उपाय आहे. थंडीत घोंगडीवरून बंदूक धरली की मापे बदलतात, हेही विसरू नये.

दुसरी तपासणी काडतुसाची. पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. छर्रे मोठे हवेत की बारीक, हे काम ठरवते. पण गरजेपेक्षा जड काडतूस घेतल्याने डुक्कर अधिक मरत नाही, खांदा मात्र अधिक दुखतो.

तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची. जुन्या विलायती बंदुकांपैकी अनेकींचे कक्ष ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी कोरलेले आहेत. त्यात ७० मिलिमीटरचे काडतूस सहज बसते. पण बार सुटल्यावर उघडणाऱ्या त्याच्या तोंडाला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. आजोबांची बंदूक अलीकडे फार जोरात मारते, असे कोणी म्हणत असेल, तर ती तक्रार धक्क्याची नसून इशारा असू शकते. अशा बंदुकीच्या तोंडावर काही बसवण्याआधी परवानाधारक कारागिराकडून तिचा कक्ष मोजून घ्यावा.

मझल ब्रेक हे खोटे साधन नाही. रायफलीवर, तोफेवर आणि निवांत, दिवसाउजेडी, कान झाकून चालणाऱ्या मैदानावर त्याला जागा आहे. वडशाच्या धानाच्या बांधीवर मात्र त्याचे देणे थोडे आणि घेणे फार. खांद्याला बसणारा दस्ता, कामापुरते काडतूस, कानात बोळे आणि खिशात वनाधिकाऱ्याची परवानगी, एवढी सिद्धता असेल तर नळीचे तोंड जसे कारखान्यातून आले तसेच राहू देणे शहाणपणाचे.